बोटातली सुई

सकाळी दत्तोजी शिवरामपेठेत पोहोचला, तेव्हा शेजारच्या दुकानातल्या पितळी घागरी फुटपाथवर मांडून झाल्या होत्या आणि समोरच्या हॉटेलात इडलीचा दुसरा घाणा उतरत होता. त्याने पिशवी खांबाच्या खिळ्याला अडकवली, किल्ली काढली आणि शटरचं उजवीकडचं कुलूप उघडलं. डावीकडच्या कुलपाला त्याने हात लावला नाही. ते त्याच्या थोरल्या भावाचं, निवृत्तीचं होतं. शटर एकच आणि कुलुपं दोन. दोन्ही निघाल्याखेरीज ते वर जात नसे. जो भाऊ आधी येई त्याला दुसऱ्याची वाट पाहत रस्त्यावर उभं राहावं लागे. म्हणून वाटणी झाल्यापासून दोघांनीही उशिरा येण्याची सवय लावून घेतली होती, आणि साऱ्या पेठेत सर्वांत शेवटी उघडणारं दुकान हे त्यांचं शिंपीकामाचं दुकान होतं.

थोड्या वेळाने निवृत्ती आला, मुलीच्या स्कूटरवर मागे बसून. त्याचा डावा हात गळ्यात अडकवलेल्या झोळीत होता. पूजिताने स्कूटर उभी केली आणि वडिलांच्या खिशातून किल्ली काढली.

"पूजिता," निवृत्ती धाकट्या भावाकडे न पाहता म्हणाला, "तुझ्या चिक्कप्पाला सांग, शटरला टेकून उभा राहू नको म्हणावं. अर्धा पत्रा माझा आहे."

"तुझ्या अप्पाला सांग," दत्तोजी म्हणाला, "खालची अर्धी बाजू गंजली आहे. तीच त्याची."

"साकु, पुरे झालं, दोघंपण!" पूजिता म्हणाली. "मला ऑफिसला उशीर होतो. रोज काय हे?"

शटर वर गेलं. आत मधोमध प्लायवूडची भिंत होती. दत्तोजीने आपल्या बाजूचा केर भिंतीपर्यंत काढला, दारात पाणी शिंपडलं, मागच्या फळीवरच्या विठोबाला उदबत्ती लावली, मशीनला तेल घातलं, सुई नखावर घासून तिचं टोक पाहिलं आणि इस्त्री तापत ठेवली. भिंतीपलीकडून याच क्रमाने तेच आवाज आले, फक्त सावकाश. कारण तिकडे हे सगळं आता एका हाताने चाललं होतं.

निवृत्तीच्या डाव्या दंडात, कोपराच्या वर, गाठ झाली होती. ती कर्करोगाची निघाली. शस्त्रक्रिया होऊन वर्ष सरायच्या आत ती परत उगवली, आणि सर्जनने सांगितलं की आता खांद्यापासून हात काढणं हाच सुरक्षित मार्ग. त्यानंतर पूजिताने कुठून कुठून चौकशी करून हिनकलच्या पुढे, हुणसूर रस्त्यावरच्या एका मोठ्या रुग्णालयातली चाचणी शोधली. तिथे हात न कापता नवा उपचार करून पाहणार होते. येत्या सोमवारी सुरुवात होती. हे दत्तोजीला कोणी सांगितलं नव्हतं. प्लायवूडमधून सगळंच ऐकू येई.

अकराच्या सुमारास नरसिंहमूर्ती आले. निवृत्त मास्तर, जुनं गिऱ्हाईक. कंबर सैल करायला पँट टाकून गेले होते. त्यांनी कन्नडमधून हाताची चौकशी केली आणि निवृत्तीने कन्नडमधूनच मोठ्या उत्साहाने सांगायला सुरुवात केली.

"गाठीत लोखंडाची पूड सोडतात, मास्तर. पूड कसली, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी बारीक. मग हात एका मोठ्या कड्यात ठेवायचा. त्या कड्यात चुंबकाचा जोर उलटसुलट फिरतो आणि पूड गाठीच्या आतल्या आत तापते. फार नाही. कडक तापात अंग तापतं ना, त्याहून थोडी जास्त."

"मग गाठ जळते?"

"जाळायची नाहीच. जाळली तर रक्ताच्या वाटा बंद होतात. फक्त मऊ करायची. कापडाला वाफ दिली की सुई कशी सुरळीत जाते, तसं. माझ्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशी त्यांनी काढून नेल्यात. लॅबमध्ये त्यांना गाठ ओळखायला शिकवतात, वाढवतात आणि मग सलाइनसारख्या परत सोडतात. एरवी त्या गाठीच्या बाहेरच घुटमळतात म्हणे. ऊब दिली की आत शिरतात."

"आणि दुखत नाही?"

"नाही हो. फक्त त्या स्कॅनच्या नळकांड्यात एक गंमत झाली." निवृत्ती हसला. "हाताचा एमआरआय काढला तेव्हा. डावा पंजा आपोआप ओढला जायला लागला. इथे, तर्जनीच्या मुळाशी, तळव्यात. कोणीतरी आतून दोरा ओवून खेचावा तसा. मी दात आवळून पडून राहिलो."

"शिरा असतील," मास्तर म्हणाले.

"असतील," निवृत्ती म्हणाला, आणि त्याने पँटचा विषय काढला.

भिंतीच्या अलीकडे दत्तोजीचा पाय पायडलवर थांबला.

ती सुई त्याला ठाऊक होती. ठाऊक असलेली दोनच माणसं आता जिवंत होती. शाळेच्या गणवेशांचा हंगाम होता, मशीनला नवी मोटर बसवली होती, आणि तिशीही न गाठलेला निवृत्ती घाईने खिसे जोडत होता. सुई डाव्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली आणि मोडली. वरचा तुकडा मशीनमध्ये राहिला, टोक बोटात. आबांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, पकडीने ओढून पाहिलं. निवृत्तीचा पंजा फळीवर दाबून धरण्याचं काम दत्तोजीकडे होतं. टोक आलं नाही. आणखी आत गेलं. मग आबांनी जखमेत हळद भरली, निवृत्तीच्या जिभेवर गुळाचा खडा ठेवला आणि दुकानात सगळ्यांना गूळ वाटला. मशीनने पोराला ओळखलं, असं त्यांच्यात म्हणत. ज्याच्या बोटात सुई गेली नाही त्याला त्यांच्या घरांमध्ये कारागीर मानत नसत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने बोट पाहून सांगितलं होतं, राहू द्या; त्रास झाला तर या, पण अशी सुई एका जागी राहत नाही, सरकते. निवृत्ती पुन्हा गेला नाही. थंडीत बोट टोचतं एवढंच कधीतरी म्हणे, आणि तेही कौतुकाने.

अंगात कुठे धातू आहे का, असं त्याला रुग्णालयात विचारलं असणारच. आणि त्याने नाही म्हटलं असणार. शिंप्याच्या बोटातली सुई त्याला धातू वाटत नाही. ती त्याला नखासारखी स्वतःची वाटते.

मास्तर गेल्यावर दत्तोजी भिंतीपाशी उभा राहिला. पूर्वी तो त्याला अण्णा म्हणे.

"निवृत्ती."

पलीकडे कात्रीचा आवाज थांबला. वाटणीनंतर त्यांच्यातला हा पहिला थेट शब्द होता.

"बोटातलं टोक सांगितलंस का त्यांना?"

"कान लावून बसतोस काय भिंतीला?"

"भिंत कुठली? प्लायवूड आहे. स्वस्तातलं बघून तूच आणलंस. सांगितलंस का?"

"कसलं टोक?"

"त्या दिवशीचा गूळ मला आठवतो. तुला नाही?"

कात्री फळीवर ठेवल्याचा आवाज आला. मग निवृत्ती खालच्या आवाजात म्हणाला, "त्यांनी विचारलं, पट्टी आहे का, स्क्रू आहे का, हृदयाला मशीन आहे का. मी नाही म्हटलं. काय खोटं त्यात?"

"आणि पंजा ओढला तेव्हा?"

"तेव्हा कळलं. पण तोवर रक्त नेलं होतं, सह्या झाल्या होत्या. आता सांगितलं तर काढून टाकतील. मागे रांग आहे, गोत्ता, माहीत आहे ना तुला?"

"ती पूड तापवणारं कडं सुईलाही तापवेल."

"तापवू दे. बोट गेलं तर गेलं. नऊ बोटांनी शिवता येतं, दत्तू. एका हाताने शिवता येत नाही."

ते खरं होतं, हे दत्तोजीलाही ठाऊक होतं. त्याने भिंतीवर तळवा टेकवला.

"नखाशी घुसली होती," तो म्हणाला. "आता तळव्यात ओढते म्हणालास. म्हणजे सरकली आहे. तुला तरी माहीत आहे का सोमवारी ती कुठे असेल? कुठल्या बोटाची पैज लावतोस तू?"

"तुला माझ्या बोटाची फिकीर! अय्यो, पांडुरंगा!" निवृत्तीचा आवाज चढला. "तुला काय हवंय ते साऱ्या पेठेला माहीत आहे. जा, सांग त्यांना. मला काढतील, हात कापतील, मी मशीनवरून उठेन. मग हे प्लायवूड काढ आणि नाच इथे."

आबांनी जाण्यापूर्वी समाजाच्या विठ्ठल मंदिरात, चार वडीलधाऱ्यांसमोर, दुकानाचा निवाडा सांगून ठेवला होता. दोघांनी अर्धं अर्धं वापरावं. जो मशीनवरून आधी उठेल, म्हणजे इथलं काम कायमचं सोडेल, त्याची बाजू बसलेल्याची. मुलं शिंपीकाम करणार नाहीत हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं, आणि दुकान परक्याला विकलं जाऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती. त्या इच्छेमुळे दोन भाऊ एकमेकांच्या खोकल्याकडे लक्ष ठेवून जगू लागले.

दत्तोजी परत मशीनवर येऊन बसला. निवृत्तीचं बोलणं निव्वळ विखारी असतं तर त्याला सोपं गेलं असतं. पण गाठीची बातमी आल्यापासून त्याने स्वतःही नजरेने मोजून पाहिलं होतं: भिंत काढली तर कापायचं मोठं टेबल आडवं बसेल, दारातला उजेड थेट त्यावर पडेल. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. तरी ते घडलं होतं.

संध्याकाळी हिनकलच्या घरी त्याची बायको नागरत्ना ओसरीवर अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. त्याने तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"सुम्ने बसा, गप्प," ती म्हणाली. "त्यांचं बोट, त्यांचा हात. गप्प राहिलात तर तुम्हाला कोण विचारणार आहे? तोंड उघडलंत तर मात्र सगळे विचारतील. दुकानासाठी केलं म्हणतील. जन्मभर म्हणतील."

"हो."

"माझ्या बाळंतपणात त्या घरातून एक डबा आला नव्हता. विसरलात?"

"नाही विसरलो."

"मग?"

"पंजा मी धरला होता तेव्हा," दत्तोजी म्हणाला. "आबा ओढत होते आणि टोक आत आत जात होतं. मला हाताखाली कळत होतं. त्याला वाटतंय ती अजून बोटातच आहे."

"वाटू द्या. मोठे आहेत ते."

त्याने एक शेंग उचलली, सोलली आणि दाणे तिच्या सुपात टाकले. नागरत्नाने त्याच्याकडे पाहिलं. "गेलात तर परत येऊन मला सांगू नका, कोण काय बोललं ते," ती म्हणाली. "मला ऐकवणार नाही."

दुसऱ्या दिवशी शिवरामपेठेकडे न जाता त्याने उलट दिशेची बस धरली. चाचणीच्या विभागात काचेच्या दारामागे त्याला बराच वेळ बसवून ठेवलं. मग डॉक्टर तारा बाहेर आल्या. त्या पुण्याच्या होत्या, पूजिता त्यांचं नाव घेई तेव्हा आवाज आपोआप अदबीचा होई. त्यांनी बसायला सांगितलं नाही.

"तुम्ही निवृत्तींचे भाऊ. तुमच्याबद्दल त्यांच्या मुलीने सांगितलंय. रुग्णाविषयी मी तुमच्याशी काहीही बोलणार नाही."

"बोलू नका, मॅडम. ऐका. त्याच्या डाव्या हातात मशीनच्या सुईचं टोक आहे. मोडलेलं. तीस वर्षांहून जास्त झाली."

त्यांचा चेहरा बदलला, पण मऊ झाला नाही. "आम्ही धातूबद्दल त्यांना स्पष्ट विचारलं होतं. मराठीत विचारलं होतं. एमआरआयच्या आधीही."

"त्याने नाही म्हटलं असेल. आमच्यात ते धरत नाहीत."

"धरत नाहीत?" त्या जवळ आल्या. "तुम्हाला कल्पना आहे का? गाठीतले कण किती तापतात ते आम्हाला मोजता येतं, थांबवता येतं. सुई किती तापेल ते कोणाच्याच हातात नाही. हाडालगत असेल, शिरेलगत असेल, माणूस आतून भाजेल. आणि एक माणूस भाजला की ही चाचणी बंद. मागे थांबलेल्या सगळ्यांसाठी बंद. हे सगळं 'आमच्यात धरत नाहीत' म्हणून?"

"म्हणून तर आलो."

"की दुसऱ्या कशासाठी? तुमच्या दुकानाचं प्रकरण मला माहीत आहे. चाचणीतून नाव गेलं की काय होणार, तेही. मी तुमच्यावर विश्वास का ठेवावा?"

"नका ठेवू," दत्तोजी म्हणाला. "पंजाचा एक्स-रे काढा."

 भिंतीवरच्या घड्याळाखाली एक बाई झोळीतलं मूल थोपटत बसली होती. ती दोघांकडे पाहू लागली. डॉक्टर तारांनी आवाज उतरवला. "एक्स-रे काढू. तुमचं नाव मी सांगणार नाही."

"सांगा, न सांगा. त्याला दुसऱ्या कोणाचा संशय येणार नाही. त्याला शत्रू एकच आहे."

"टोक दिसलं तर सोमवार रद्द होईल, एवढं समजून जा."

"ते काढता येईल का? सुई?"

"मी रुग्णाविषयी बोलत नाही, असं सांगितलंय तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि काचेचं दार मिटलं.

तो दुकानात पोहोचला तेव्हा दुपार झाली होती. शटर बंद होतं, त्याच्या कुलपामुळे. निवृत्ती हॉटेलच्या पायरीवर उन्हात बसला होता.  दत्तोजीने कुलूप काढलं आणि निवृत्तीला एका हाताने शटर ढकलताना पाहून दुसऱ्या टोकाला हात लावला. निवृत्तीने लगेच आपला हात काढून घेतला.

दोन दिवसांनी संध्याकाळी पूजिता एकटीच आली. ती त्याच्या बाजूला, त्याच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. आजवर तिने तिथे पाय ठेवला नव्हता.

"सोमवार हातचा गेला, चिक्कप्पा. खूश?"

"दिसली?"

"दिसली. मनगटाच्या जवळ आहे. बोटात नाहीच. शिरेला चिकटून." तिने स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून दाखवलं. "हाताचे सर्जन काढणार. मग जखम भरणार. मग त्यांची कमिटी बसणार आणि परत घ्यायचं की नाही ते ठरवणार. पेशी फ्रीजरमध्ये ठेवल्यात, त्या राहतील म्हणे. गाठ राहणार आहे का फ्रीजरमध्ये? ती वाढतेय ना!"

"सोमवारी कड्यात हात ठेवला असता तर..."

"माहीत आहे! डॉक्टरांनी सांगितलं, नीट ओरडून सांगितलं. अप्पांना, मला, दोघांना." तिने डोळे पुसले. "पण तुम्ही मला सांगायचं होतं. अप्पांना बसवून सांगायचं होतं. तुम्ही पाठीमागून गेलात. तुम्हाला काय पाहिजे होतं ते अप्पा म्हणतात. मी नाही म्हणत. पण मला खात्री पण नाही. आणि अप्पांनी सांगितलंय, चिक्कप्पाला म्हणावं टेप घेऊन ये, दुकान मोजून घे."

दत्तोजीने तिच्याकडे पाहिलं. टेप त्याच्या गळ्यातच होती.

"उद्या किल्ली घेऊन ये," तो म्हणाला. "आणि त्यालाही आण."

दुसऱ्या सकाळी पेठेत त्यांच्या आधी तोच आला होता. घागरी अजून आतच होत्या. शेजारी मालवाहू रिक्षा उभी होती. पूजिता आणि निवृत्ती आले, दोन्ही कुलुपं निघाली, शटर वर गेलं. दत्तोजीने केर काढला नाही, पाणी शिंपडलं नाही. विठोबाला नमस्कार करून तो मशीनपाशी बसला आणि स्क्रू सोडवू लागला. डोकं स्टँडपासून वेगळं केलं, जुन्या चादरीत गुंडाळलं. मोटर काढली. कात्र्या, खडू, काजांच्या दोऱ्याची रिळं पिशवीत भरली. इस्त्रीचं टेबल आबांच्या वेळचं होतं. ते त्याने तिथेच ठेवलं. रिक्षावाल्याने आणि त्याने मिळून स्टँड बाहेर नेलं.

निवृत्ती झोळीतला हात धरून फुटपाथवर उभा होता. "हे काय?"

"उठलो," दत्तोजी म्हणाला. "तुझ्या आधी."

शेजारचा भांडीवाला घागर हातात धरून थबकला. मंदिरातले ते शब्द त्यालाही ठाऊक होते.

"लोकांना दाखवतोस? मोठा संत?" निवृत्ती म्हणाला.

"नाही. तुझं तोंड बंद करायला. हात राहिला तर पूर्ण दुकानात शिव. गेला तर गेला. पण माझ्यामुळे तुझं गेलं असं पुन्हा म्हणायचं नाही. बेडा, नको ते."

"मी थांब म्हणणार नाही."

"मला माहीत आहे."

 पूजिता एकदा पुढे झाली, मग वडिलांकडे पाहून मागे सरली. दत्तोजीने शटरच्या उजव्या कडीत लोंबकळणारं आपलं कुलूप काढून घेतलं, किल्लीसकट पिशवीत टाकलं आणि रिक्षात चालकाशेजारी बसला.

हिनकलला नागरत्नाने शेंगांचं सूप उचलून ओसरीच्या कोपऱ्यात मशीनला जागा करून दिली. तिने काही विचारलं नाही आणि त्याने काही सांगितलं नाही. त्याने स्टँडखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ते डुगडुगत नाही ना पाहिलं, डोकं बसवलं, पट्टा चढवला, तेल घातलं. सुई नखावर घासून तिचं टोक तपासलं. मग शेजारणीने टाकलेल्या ब्लाउजचं अस्तर पसरून तो शिवायला बसला.